सव्विसावी ओढ

नाना,

चौकशीला आलेल्या साहेबांना मी सांगितलं, की सगळं क्षणार्धात घडलं. ते खरं नाही. त्या क्षणात तुम्ही मला एक प्रश्न विचारलात. मी तो ऐकला, मला तो समजला, आणि मी गप्प राहिले. एवढं सगळं मावण्याइतका तो क्षण लांब होता.

तुमचा दहावा होऊन आज चार दिवस झाले. असं काही लिहिण्याची मला सवय नाही. आजवर जे लिहिलं ते अहवालात, आणि तेही कर्त्याला शक्यतो वाक्याबाहेर ठेवून: जाळे ओढण्यात आले, मासे मोजण्यात आले. कॉलेजात अठ्ठावीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, ते बरंचसं फळ्याकडे तोंड करून. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझा घसा कोरडा पडतो, हे माझ्या सहकाऱ्यांना इतक्या वर्षांत उमगलं नाही. तुम्हाला एका सकाळीत उमगलं.

ती पहिली सकाळ. महाळुंगे पडवळच्या शेतकऱ्याची मी मुलगी, विहिरीपलीकडे खोल पाणी पाहिलेलं नाही, आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी संशोधनाचं खूळ डोक्यात घेऊन डिंभ्याच्या धरणात तुमच्या नावेत पाय ठेवला. काठ दिसेनासा होण्याआधीच मी कडेवरून वाकून ओकले. निखिलने संकोचाने दुसरीकडे पाहिलं. तुम्ही इंजिन मंद केलंत आणि गंभीर चेहऱ्याने म्हणालात, ‘वका बाई, लाजू नका. मासं गोळा व्हत्यात.’ मी ओकता ओकता हसले. त्या हसण्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत.

निखिल हा माझा तरुण संशोधक साथीदार, कोकणातून आलेला. खाडीतल्या माशांची पाहणी करण्यात त्याची चार वर्षं गेली होती आणि तीच पद्धत धरणात चालते का, हे आम्हा दोघांना तपासायचं होतं. नावेच्या मागे दोन दोरांनी पिशवीसारखं जाळं सोडायचं. त्याचं तोंड उघडं राहावं म्हणून दोन्ही बाजूंना दोन लाकडी फळ्या. ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या सरळ रेषेवरून, बरोबर दहा मिनिटं ओढायचं. जाळ्याच्या तोंडाची रुंदी आणि नावेने कापलेलं अंतर माहीत असलं की तळाचा केवढा तुकडा झाडून निघाला ते कळतं, आणि तेवढ्या तुकड्यात किती मासे सापडले यावरून साऱ्या पाण्याचा अंदाज बांधता येतो. मात्र रेषा कुठे पडावी हे मासे कुठे आहेत यावरून ठरवायचं नसतं. चिठ्ठ्या टाकल्यासारख्या त्या कुठेही पडतात, ओसाड जागीही पडतात, आणि ओसाड जागी पडल्या तरच अंदाज खरा ठरतो. निखिल अशा प्रत्येक फेरीला ‘हॉल’ म्हणायचा. तुम्ही म्हणालात, ‘ओढ म्हणा की सरळ.’ आमच्या छापील तक्त्यावर आज ‘ओढ क्रमांक’ असं आहे, तो तुमचा शब्द.

नाव रेषेवरून चालली की तुम्ही खालचं गाव सांगत असायचात. आता खळ्यावरून चाललो, आता देवळाच्या मागं आलो, हितं आमची नाचणीची वावरं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा तुम्ही वीस-बावीस वर्षांचे असाल. निखिलने एकदा विचारलं, ‘नाना, इतक्या वर्षांनी पक्कं कसं सांगता?’ तुम्ही म्हणालात, ‘तुज्या घराची वाट तुला आंधारात घावती का न्हाई? ह्यो बी आंधारच हाय, वल्ला.’

खाडीच्या तळाशी गाळ असतो. आमच्या पाण्याच्या तळाशी गाव आहे. हा फरक मला तेव्हाच कळायला हवा होता.

या कामात किती हिंसा असते, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. जाळं वर यायचं तेव्हा पिशवीच्या शेपटीत मासे एकमेकांवर चिरडलेले असायचे. खोलवरून झपाट्याने वर आणलेल्या मृगळांची पोटं फुगून टणक व्हायची, डोळे बाहेर यायचे. चिलापी फळीवर आपटून आपटून स्वतःचे खवले उडवायच्या. एकेकाला धरून लांबी मोजायची, वजन घ्यायचं, काहींची पोटं चिरायची. एकदा शिंगाळ्याचा काटा माझ्या तळहातात आरपार गेला. तुम्ही एक शब्द न बोलता गुडघा माझ्या मनगटावर रोवलात, काटा उलट दिशेने उपसलात, जखम तोंडाने चोखून रक्त पाण्यात थुंकलात, आणि त्याच हाताने त्या माशाचं डोकं नावेच्या कडेवर ठेचलंत. मग शांतपणे म्हणालात:

‘एक इचारू का, बाई? आमी खायाला मारतो. तुमी मोजायला मारता. पाप कुणाचं जास्ती?’

‘नाना, मोजलं नाही तर उद्या मासेच उरणार नाहीत.’

‘मंग मोजा. पर मारू नका.’

‘न मारता कसं मोजणार?’

‘त्ये तुमी शिकल्याल्या. मला काय इचारता!’

हा वाद आपण प्रत्येक आठवड्यात घातला. माझ्याजवळ उत्तरं होती, संदर्भांसकट होती. तुमच्या प्रश्नाला मात्र ती कधीच पुरी पडली नाहीत, हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

तुमच्या रागालाही मी भीत होते. मागच्या हिवाळ्यात, एका ओढ्याच्या मुखाशी आपण पोहोचलो आणि समोरचं पाणी भिंतीसारखं उभं राहिलं. आवाज नंतर आला. कुणीतरी सुरुंगाचे तोटे टाकले होते. क्षणात सगळीकडे पांढरी पोटं तरंगू लागली; कणा मोडलेले, कल्ल्यांतून रक्त येणारे, बोटाएवढी पिल्लंसुद्धा. काठावर तिघे जण पोती घेऊन उभे होते. तुम्ही नाव थेट त्यांच्यावर घातलीत. तुमच्या तोंडून निघालेले शब्द मी इथे लिहू शकत नाही. वल्ह्याचा फटका एकाच्या खांद्यावर असा बसला, की हाड मोडल्याचा आवाज मला नावेत ऐकू आला. पुढे तक्रार झाली, मला बोलावण्यात आलं, आणि मी सांगितलं, ‘मी नीट पाहिलं नाही.’ तुम्ही परतीच्या वाटेवर पोट धरून हसलात. ‘बाई, तुमी लई कामाच्या. डोळं हायती, पर बघत न्हाई.’

माझ्या गप्प राहण्याने तुम्ही वाचलात, म्हणून तो मला गुण वाटला. याची मला आता फार लाज वाटते.

आणि मग ते नऊ कटला. त्या सकाळी तीन ओढी कोऱ्या गेल्या होत्या. चौथीत पिशवी वर घेताना तुम्ही नेहमीप्रमाणे शेपटीशी होतात, आणि शेपटीतून नऊ कटला निघाले. निखिल आनंदाने ओरडला. मी पहिला मासा हातात घेतला. तो ताठ होता. डोक्याच्या मागे त्याच्या अंगावर गोल वळ उठला होता. ओढजाळ्यात सापडलेल्या माशाला असा वळ येत नाही. पाण्यात उभ्या लावून ठेवलेल्या जाळ्यात मान अडकून मेलेल्या माशाला येतो.

‘नाना, हे मासे कुठले?’

‘धरणातलं.’

‘कोणत्या जाळ्यातले?’

तुम्ही खाली पाहिलंत. ‘माज्या. काल लावलं व्हतं.’ आणि मग, माझी समजूत काढल्यासारखं, ‘बाई, तीन ओढी कोऱ्या गेल्या. तुमी ह्यो कागद पुण्याला धाडणार. आमच्या पाण्यात पावणं आलं आन रिकाम्या हातानं गेलं, आसं लिवणार व्हय त्याच्यात?’

आपले मासे आमच्या पिशवीत किती दिवस सरकवत होतात ते तुम्ही लपवलं नाहीत. पाहणी सुरू झाल्यापासून. शिवाय जिथे जाळं फाटेल अशी शंका यायची, तिथे रेषा सोडून नाव अलगद बाजूने काढत होतात, हेही त्याच दमात सांगून टाकलंत. मी या दोन्ही गोष्टी एकाच अपराधात धरल्या. त्यांतला एक पाहुणचार होता आणि दुसरं ज्ञान होतं, हा भेद मी केला नाही.

मी ओरडले. आयुष्यात कोणावर तशी ओरडले नसेन. फसवलंत म्हणाले. शून्यसुद्धा लिहायचं असतं म्हणाले. आणि शेवटी म्हणाले, ‘यापुढे रेषा सोडायची नाही. माझ्या शब्दाशिवाय जाळ्याला आणि दोराला हात लावायचा नाही.’ तुमच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच अपमान पाहिला. तुम्ही फक्त ‘बरं’ म्हणालात. त्या हंगामाचे सगळे आकडे आम्ही फेकून दिले आणि मी अहवालात एक नीटनेटकं वाक्य लिहिलं: ‘नावाडी ठरलेला मार्ग सोडतो, असे निदर्शनास आले आहे.’

या हंगामात पुन्हा पहिल्या ओढीपासून सुरुवात झाली. नाव आता सुतात चालायची. तुम्ही खालचं गाव सांगणं बंद केलं होतं. कोऱ्या ओढी कोऱ्या लिहिल्या जात होत्या आणि मला त्याचा, खरं सांगते, अभिमान वाटत होता.

सव्विसाव्या ओढीची रेषा निखिलने मोबाइलवर दाखवली, तेव्हा तुम्ही ती बराच वेळ पाहिलीत.

‘बाई, ही रेघ हिरड्यातनं जाती. आमची झाडं व्हती तितं. खोडं हायती आजून.’

मी निखिलकडे पाहिलं. त्याच्या खोली मोजायच्या यंत्रात तळ सपाट दिसत होता. ‘पाणी चढायच्या आधी झाडं तोडली होती ना, मॅडम. बुंधे बसले असतील गाळात.’

‘नाना,’ मी म्हणाले, ‘रेषा ठरलेली आहे.’

‘जशी तुमची रेघ,’ तुम्ही म्हणालात. जीवरक्षक जाकीट निखिलने पुढे केलं, ते तुम्ही नेहमीसारखं बुडाखाली घेतलंत. ‘ह्ये घालून पाण्यात पडलो, तर मासं म्हणतील नवरदेव आला.’ तुम्ही माझ्याशी पुन्हा थट्टेने बोललात, एवढ्याच आनंदात मी होते.

सातव्या मिनिटाला नाव जागच्या जागी थांबली. आम्ही दोघे तोंडावर पडलो. तुम्ही इंजिन बंद केलंत, पण वारा मागून होता. दोर तळाशी खिळलेले, नावेची मागची कड पाण्याला टेकलेली, आणि डोंगरावरून उतरणारा वारा लाटांमागून लाटा त्या कडेवरून आत फेकत होता. पाणी घोट्याला लागलं, मग पोटरीला. तुम्ही कोयता हातात घेऊन उभे होतात. दोर तुमच्यापासून एका हातावर होता.

‘बाई, तोडू का?’

मी निखिलकडे पाहिलं. तो म्हणाला, ‘एक मिनिट, मॅडम, फळ्या जातील...’

‘बाई, बोला!’

मी तोंड उघडलं. शब्द आला नाही. साठीच्या माणसाने, ज्याने उभा जन्म या पाण्यावर काढला त्याने, बुडत्या नावेत माझ्या परवानगीची वाट पाहिली. कारण तसं मी त्याला बजावलं होतं.

तिसऱ्यांदा तुम्ही विचारलं नाहीत. कोयता घातलात आणि उजवा दोर तुटला. सगळा भार डाव्यावर गेला आणि नाव जागच्या जागी गरकन फिरली. तो दोर कमरेच्या उंचीवरून झाडत आला. त्याची खुंटी नावेच्या अंगातून उपटून सुटली आणि तुमच्या कानशिलावर बसली. नारळ फुटावा तसा आवाज झाला. तुम्ही पडलात, दोराचं वेटोळं तुमच्या पायात पडलं, आणि मग तुम्ही नावेत नव्हतात. पाण्यावर रक्त आलं तेवढंच. नाव उलटली, ती त्यानंतर.

आम्ही दोघे जाकिटांनी तरंगत राहिलो. मला खरचटलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुमच्या वाडीतल्या माणसांनी जाळं वर ओढलं. तुम्ही जाळ्याच्या तोंडाशी होतात. कपाळाची एक बाजू राहिली नव्हती. शेपटीत मासे होते, मेलेले. तुमच्या चुलतभावाने माझ्याकडे वळून विचारलं, ‘बाई, ह्ये मोजायचं का?’ टोमणा नव्हता तो. गेली दोन वर्षं त्या पाण्यात जाळं वर आलं की मोजतात, एवढंच त्याला माहीत होतं.

‘नाही,’ मी म्हणाले. आदल्या दिवशी यायला हवा होता तो आवाज तेव्हा आला. त्यांनी मासे पाण्यात सोडून दिले. मी मोजायचं नाही म्हणत असताना माझ्या डोळ्यांनी ते मोजले होते. तो आकडा मी कुठेही लिहिणार नाही.

चौकशीचे साहेब आले ते टिपण तयार करूनच. नावाड्याने ठरलेला मार्ग सोडला, जाळे अडकले, न विचारता दोर तोडला, म्हणून नाव उलटली. खाली माझ्या सहीसाठी जागा. मी म्हणाले, मार्ग सोडला नव्हता. ते सौम्यपणे म्हणाले, ‘मॅडम, तुमच्याच मागच्या अहवालात आहे. नावाडी मार्ग सोडतो. तुमचंच वाक्य आहे ना?’ माझंच होतं. ‘त्यामुळे तुम्हा दोघांवर काही येत नाही,’ ते म्हणाले. पाहणीच्या नावेवर यापुढे स्थानिक माणूस घेऊ नये, अशी शिफारसही त्यात होती. मी विचार करायला वेळ मागितला.

संध्याकाळी निखिल घरी आला. नावेचा मार्ग नोंदणारं त्याच्या गळ्यातलं जीपीएस यंत्र त्याच्यासोबत वाचलं होतं. त्याने ते टेबलावर ठेवून सुरू केलं. सव्विसाव्या ओढीची रेघ त्यात होती: सात मिनिटांची, फूटपट्टीने आखल्यासारखी, हिरड्याच्या खोडांपर्यंत. ‘मॅडम, एक मिनिट असं मी म्हणालो,’ एवढं बोलून तो रडायला लागला. मी चहा केला. मग कागद घेऊन बसले.

लिहून झालेलं निवेदन घेऊन परवा मी तुमच्या घरी गेले. मोकळ्या कपाळाने सखुवहिनी ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या. मला म्हणाल्या, ‘त्यांला नाव हाकता येत न्हवती म्हणत्यात समदी. त्ये खोटं हाय, एवढं लिवा. दुसरं मला काय नको.’

मी म्हणाले, ‘वहिनी, आधी ऐका.’ आणि वाचलं. नावाड्याने दोर तोडण्याची परवानगी दोनदा मागितली, मी उत्तर दिले नाही, या ओळीपर्यंत आले तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं.

‘त्यांनी इचारलं?’

‘हो.’

‘दोनदा?’

‘हो.’

‘आन तुमी?’

मी नकारार्थी मान हलवली. त्या उठल्या आणि माझ्या थोबाडीत मारली. चष्मा अंगणात जाऊन पडला. दुसऱ्या वेळी त्यांचा हात उगारलेलाच राहिला.

‘घरात कंदी कशाला इचारलं न्हाई त्या माणसानं,’ त्या म्हणाल्या. ‘लेकीचं लगीन ठरवलं तरी न्हाई. आन तुमाला इचारलं.’

मग त्यांनीच चष्मा उचलून आणला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. ‘पुन्ना वाचा. हळू.’

मी सगळं पुन्हा वाचलं. जीपीएसची गोष्ट शेवटून दुसऱ्या परिच्छेदात होती. ती ऐकून त्या म्हणाल्या, ‘सरळ गेलं व्हतं नव्हं?’

‘अगदी सरळ. खोडं आहेत हे माहीत असून.’

‘मंग त्ये वर घ्या. तुमचं मागनं.’

मी तिथेच ओट्यावर बसून कागद नव्याने लिहिला. पहिलं वाक्य असं आहे: ‘नाव ठरलेल्या रेषेवरून एक हातही ढळली नव्हती, पुढे धोका असल्याचे नावाड्याने आधी सांगितले होते, आणि रेषा बदलण्यास मी नकार दिला होता.’ त्यानंतर तुमचं दोनदा विचारणं, तुमच्या शब्दांत. त्यानंतर माझं गप्प राहणं. मागच्या अहवालातलं माझं वाक्य अपुरं होतं, मार्ग का सोडला जात होता हे त्यात लिहायला हवं होतं, हेही आहे.

वहिनींना वाचता येत नाही. त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, ‘ह्येच का त्ये?’ मी हो म्हणाले. मग त्या म्हणाल्या, ‘आता जावा. आन ह्ये दिल्याबिगर माज्या उंबऱ्याला पाय लावू नका.’

आज दुपारी दिलं, नाना. साहेब म्हणाले, यात तुमचं नुकसान आहे, अजून विचार करा. मी पोच मागितली. शिक्का मारलेली प्रत पिशवीत आहे, आणि उद्या पहिल्या एसटीने मी वहिनींकडे निघते आहे.